घाण्यावर शिकलेला वैमानिक

बारामतीच्या तार ऑफिसात गेली सात वर्षे मी तारमास्तर म्हणून यंत्रासमोर बसतो. मजकुरात मन अडकू द्यायचे नाही, हात चालू ठेवायचा, ही आमच्या कामाची शिस्त. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी कराचीहून एक तार येऊ लागली आणि पत्त्याच्या जागी माझेच नाव उतरले. तरी हात थांबला नाही. दत्तू पहाटे विषमज्वराने वारला, वडिलांना कळवावे... एवढाच मजकूर. शेवटचे अक्षर लिहिले, पोच दिली आणि मगच तो कागद मी पहिल्यांदा वाचला.

दत्तू डाळजचा. शाळेसाठी बारामतीला आला तेव्हापासून आमची मैत्री. पुढे तो पुण्याला कॉलेजात गेला, तिथून शिष्यवृत्ती मिळवून मुंबईच्या फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकला आणि एका टपाल नेणाऱ्या विमान कंपनीने त्याला उमेदवार म्हणून घेतले. ही गोष्ट पाच वर्षांपूर्वीची. कंपनीचे शिक्षण सुरू व्हायला दीड महिना अवकाश होता. तो काळ घरी मजेत घालवायचा सोडून हा वळकटी घेऊन माझ्या खोलीवर हजर! "मला तुझी कट्ट-कडकट्ट शिकव," म्हणाला. रात्री उतरताना मैदानावरून दिव्याच्या उघडझापीने जो निरोप येतो तो याच लिपीत असतो, आणि कंपनीच्या परीक्षेसाठी ती पक्की व्हायला हवी होती.

मग रोज दुपारच्या सुट्टीत मी कालव्याच्या एका काठावर आरसा घेऊन उभा राहायचो आणि तो दुसऱ्या काठावर पाटी घेऊन बसायचा. आरशावर टोपी धरायची, काढायची. इंग्रजी अक्षरांत मी मराठीच पाठवी. एकदा "भाकर गार झाली" एवढे पाठवले, तर त्याने पाटीवर "भास्कर गार झाला" असे लिहून आणले आणि कळवळून विचारले, "कोण रे हा भास्कर? कधी गेला?" उसात पाणी धरणारी माणसे आम्हांला पाहून हसत. पण महिन्याभरात त्याची चूक होईनाशी झाली.

मात्र त्याची खरी धास्ती वेगळीच होती. ती त्याने मला आठव्या-नवव्या दिवशी जेवताना सांगितली. ढगात शिरल्यावर बाहेरचे काही दिसत नाही, तेव्हा फक्त समोरच्या काट्यांवर विमान चालवावे लागते. त्याच्या सरावासाठी क्लबात डोक्यावर कापडी टप ओढत. दत्तू टपाखाली बसला, त्याला वाटले विमान सरळ चालले आहे, आणि प्रत्यक्षात ते गरगरत खाली निघाले होते. मागे बसलेल्या शिक्षकाने सावरले म्हणून दोघे वाचले. "काटा सांगत होता रे, पण अंग त्याहून मोठ्यांदा सांगत होतं. मी अंगाचं ऐकलं... कंपनीत पुन्हा असं झालं, तर पहिल्याच महिन्यात घरी पाठवतील." हे त्याने घरी कुणाला सांगितले नव्हते.

आमच्या गल्लीमागे सखाराम तात्यांचा तेलाचा घाणा होता. दत्तू एक दिवस तिकडे गेला आणि डोळ्यांवर उपरणे बांधून घाण्याच्या आडव्या लाकडावर बसला. बैल फिरू लागला की आधी फिरल्यासारखे वाटते, मग हळूहळू सरळ चालल्यासारखे वाटू लागते, आणि बैल थांबला की माणूस उलटा फिरू लागतो. म्हणजे वाटते तसे! गुडघ्यांत काठी धरायची आणि बैल उभा राहिला की अंग काहीही म्हणो, ती सरळ ठेवायची, असा त्याचा सराव. काठी सारखी कलायची. घाण्याची करकर थांबलेली कानांना कळायची, तरी कलायची. त्यातच एका दुपारी आबा, म्हणजे दत्तूचे वडील, डाळजहून गाडी जुंपून आले. पोराने शेती बघावी ही त्यांची इच्छा, "शिकूनसवरून टपालाचं हरकारेपण करायचं व्हय?" असे ते मला नेहमी ऐकवत. त्या दिवशी त्यांनी पाहिले ते असे, की पुढे झापड बांधलेला बैल आणि मागे झापड बांधलेला मुलगा.

"बैलाला झापड बांधत्यात ती गरगरू न्हाय म्हणून. तू कशापायी रं बांधलीस?"

"गरगरावं म्हणून, आबा."

आणि मग, डोळे बांधलेले असल्यामुळेच की काय, दत्तूने वडिलांना टपाखालची सगळी हकीकत सांगून टाकली. आबा घाण्याजवळ आले. मग म्हणाले, "उतर. मला बसू दे." त्यांनी पागोट्याचा पदर डोळ्यांवर ओढला. आठ-दहा फेऱ्या झाल्यावर सखाराम तात्यांनी बैल थांबवला, तसे आबांनी लाकूड दोन्ही हातांनी गच्च धरले.

"आरं, थांबवा की त्येला!"

"उभाच हाय बैल, आबा," तात्या म्हणाले.

"न्हाय, फिरतोय... उलटा फिरतोय मी." पागोटे सारून त्यांनी बैलाकडे पाहिले, मग दत्तूकडे. "वर असं व्हतं व्हय तुला?"

आबा एका दिवसासाठी आले होते, ते पाच दिवस राहिले. घाण्याशेजारी उभे राहून ते ओरडत, "चालतोय! चालतोय! उभा!" काठी कलली की म्हणत, "आंगाचं ऐकू नगंस. माझं ऐक. उभा हाय." चौथ्या दिवशी काठी कलली नाही. आबा सखाराम तात्यांकडे वळून म्हणाले, "बैलाला आज पेंड जास्त घाला," आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागले.

दोन महिन्यांनी दत्तूचे पत्र आले. "टपाखाली चाळीस मिनिटं ठेवलं. मधेच अंग म्हणालं, डावीकडे पडतोयस. काटा मधोमध होता. मी मोठ्याने म्हणालो, उभा हाय. साहेबाने विचारलं, काय म्हणालास? काय सांगू त्याला!" कंपनीने त्याला ठेवून घेतले. पुढे चार वर्षे त्याने कराची-मुंबई टपाल नेले. विमानवाल्याला मुलगी द्यायला कुणी धजेना, याचे तो हसून वर्णन करी. गेल्या वर्षापासून नव्याने घेतलेल्या वैमानिकांना शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले होते. पहिल्या दिवशी तो त्यांना एकच विचारी, "शेवटचे कधी घाबरला होतात?" जो म्हणे "कधीच नाही", त्याच्याकडे तो जास्त लक्ष देई.

तार आली त्याच दिवशी डाळजला जाऊन आबांना सांगून आलो होतो; परवा पुन्हा गेलो. पडवीत दोन लाकडी खुर्च्या आहेत. रजेवर आला की दत्तू त्या शेजारी-शेजारी, तोंडे शेताकडे करून मांडायचा. डावीकडच्या खुर्चीत स्वतः बसायचा, उजवीकडे आबांना बसवायचा. विमानात वैमानिकाची जागा डावीकडे, ती सवय. समोर बघत बोलले की मनातले बोलता येते, असे त्याचे म्हणणे. माणसाने माणसाच्या तोंडाकडे बघून बोलावे, अशी आबांची कुरकुर. मी गेलो तेव्हा भेटायला आलेले पाहुणे निघाले होते. बोलण्यासाठी त्यांनी खुर्च्या समोरासमोर ओढल्या होत्या. आबांनी त्या उचलून पुन्हा शेजारी-शेजारी मांडल्या, धोतराच्या सोग्याने डावी पुसली आणि स्वतः उजवीकडच्या खुर्चीत बसले.

"बसा, मास्तर," म्हणाले.

मी पायरीवर बसलो. आम्ही दोघेही शेताकडे बघत राहिलो... आणि समोर बघतच आबा बोलू लागले.