आप्पांची पेज

हे मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. बोलणं तर लांबच – नवऱ्याशी नाही, सख्ख्या बहिणीशीही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात जमेल. तेही थोडं फिरून फिरून येईल. सरळ तिथे जायला पाय उचलत नाही.

आमचं घर रत्नागिरीच्या बाहेर, आंब्याच्या बागेला लागून. आम्ही दोघं, दीर-जाऊ, दोघांची मिळून पाच मुलं आणि सासरे, आप्पा. सासूबाई गेल्यापासून स्वयंपाकघर माझ्या हातात. ते मी चोख चालवते हे मला ठाऊक होतं, आणि त्याचा थोडा माजही होता.

एका दिवाळीनंतर ह्यांची साखर वाढलेली निघाली. दिरांचं वजन तर होतंच. जाऊबाईंच्या भावाने पॅलिओ डाएट सांगितलं – भात नाही, भाकरी नाही, डाळ, साखर, दूध काही नाही. मासे, अंडी, भाज्या, खोबरं खा. मी म्हटलं, करायचं तर सगळ्यांनी. एका घरात दोन स्वयंपाक मी करणार नाही. पोरं कुरकुरली. बांगड्याचं कालवण नुसतं वाटीने प्यायचं म्हणजे काय, असं धाकटा रोज विचारायचा. ह्यांनी एकच बजावलं होतं – आप्पांची सकाळची पेज तेवढी चालू ठेव. मी बरं म्हटलं.

आणि ठेवली नाही.

आप्पांना काय झालं होतं? काही नाही. ऐंशीला टेकलेले, पण साखर नाही, बीपी नाही. रोज बागेत एक फेरी. आंबा कधी काढायचा, कुठल्या व्यापाऱ्याला द्यायचा, सगळं तेच ठरवायचे. त्यांना लागायची फक्त वाडगाभर पेज, मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड. त्यांनी ती एकदाच मागितली. मी म्हटलं, भाताचा वास आला तर ह्यांना राहवणार नाही. पण हे आणि दीर सकाळी लवकरच कामाला जायचे, जाऊबाई शाळेत शिकवायला. वास कुणाला येणार होता? खरं असं की मला माझा नियम मोडायचा नव्हता. एवढं मोठं घर कसं गं वळवलंस, असं नातेवाईक फोनवर विचारायचे – ते मला आवडत होतं. मी आप्पांपुढे अंडी आणि खोबऱ्याचे तुकडे ठेवायची. त्यांना खोबरं चाववत नाही हे मला माहीत नव्हतं का?

ते थोडं खायचे, थोडं टाकायचे आणि बाहेर पडायचे. मला वाटे, बागेत जातात.

एका रविवारी आम्ही सगळे अंगणात होतो आणि शेजारची सुलभावहिनी दगडी गडग्यापलीकडून बोलली, "काय गो, सासऱ्याला पण डाएट? रोज आमच्याकडे येऊन पेज पितात. घरात मिळत नाही म्हणतात." हसत बोलली, पण बोलली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आणि मी – एका दमात – म्हटलं, "मी रोज देते की. पिऊन जातात नि विसरतात. हल्ली विसरायला लागलेत. तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून बोलले नव्हते."

इतकं नेटकं खोटं कुठून आलं? आधी ठरवलेलं नव्हतं, एवढं सांगते. त्याने काही फरक पडत नाही. आप्पा पडवीच्या पायरीवर उभे होते, ते मला दिसले नव्हते. सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दिली असेल. सूनबाई कशाला खोटं बोलेल?"

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य होतं.

दिरांनी बागेच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली – प्रेमानेच. त्यांना एकटं बाहेर सोडेनात. व्यापारी आला तेव्हा बोलणी दिरांनी केली. आप्पांनी मध्ये काही सांगितलं की दोघे भाऊ एकमेकांकडे बघायचे आणि म्हणायचे, "हो हो, आप्पा." ते "हो हो" मला आत ऐकू यायचं. पेज मी दुसऱ्याच दिवसापासून द्यायला लागले होते. शिमग्याला पालखी घरी आली, पुरणपोळ्या झाल्या आणि आमचं पॅलिओ तिथेच संपलं. कुणी त्याचं नावही काढलं नाही. किल्ली मात्र आप्पांकडे परत गेली नाही.

पुढे ते पेज पिऊन झाल्यावर थोड्या वेळाने विचारायचे, "सूनबाई, मी पेज घेतली का गं?" खरंच विसरायला लागले होते? की घरभर सगळे म्हणतात म्हणून स्वतःवरचा भरवसाच उडाला? की माझं खोटं माझ्यासाठी सांभाळत होते? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

आप्पा जाऊन आता काही वर्षं झाली. मागच्या महिन्यात हे स्कूटर बाजारात विसरून रिक्षाने घरी आले. पोरं हसली, हे हसले नाहीत. जेवताना म्हणाले, "आप्पांचंही असंच सुरू झालं होतं ना? आमच्या रक्तातच आहे ते." तेव्हापासून ते घाबरलेत. चष्मा सापडला नाही तरी चेहरा उतरतो.

परवा डॉक्टरांकडे गेलो. ह्यांनी सांगितलं, वडिलांना विसरण्याचा आजार होता. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, ह्यांच्या वडिलांचं नक्की कधी सुरू झालं.

मी साल सांगितलं.