दुसरी चिठ्ठी

आज विमलताई गेली, आणि मला रडू आलं नाही.

सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसवर तिचा फोटो आहे. "आमची वाघीण."
खरंच होती. आमच्या महिला गटाची अध्यक्ष. कळंबला तहसीलच्या साहेबांसमोर खुर्ची ओढून बसणारी गावची पहिली बाई.

पण कोणीतरी लिहिलंय, बोंडअळीच्या वर्षी तिने निर्णय देवावर सोपवला.
म्हणून हे लिहिते.

गटात मॅट्रिक मी एकटीच, म्हणून रजिस्टर माझ्याकडे. मीटिंगमध्ये काही अडलं की मी म्हणायची, गणपतीपुढे चिठ्ठ्या टाकू. ताई हसायची.

"सुमन, देवाले कायले तरास देतं? त्यानं हात देल्ले हायेत ना आपल्याले."

सगळं आपल्या हातात आहे, असं तिला वाटायचं. तिच्याजवळ बसलं की आम्हालाही वाटायचं.

त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. फवारलं की औषध तोंडावरच यायचं. आजूबाजूची माणसं दवाखान्यात भरती होऊ लागली, तेव्हा ताईने ठराव घेतला. सरकारकडून मास्क-चष्मे येईपर्यंत एकाही घरचा माणूस पाठीवर पंप घेणार नाही.
घरोघरी फिरली. आमच्या ह्यांना म्हणाली, "भाऊजी, पंप उचलला तं माह्याशी गाठ हाय."

दोन आठवडे गेले. मास्क आले नाहीत.
अळी बोंडात शिरली. ताईच्या वावरातही.
बाया रोज विचारायच्या, आता काय करायचं?

एक दिवस ताई स्वतःच म्हणाली, चिठ्ठ्या टाकू. घरून लिहूनच आणल्या होत्या. एक 'फवारा', एक 'थांबा', असं तिने सांगितलं.

"उचल सुमन. तुह्यावर देवाची मर्जी हाय."

मी उचलली. 'फवारा' निघालं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पंप घेतला. संध्याकाळी घरात आले आणि म्हणाले, आज देवापुढे दिवा नाही लावला?

दिवा लागलेला होता.

यवतमाळला बारा दिवस दवाखान्यात काढले. एक डोळा परत आला. दुसऱ्याला फक्त उजेड कळतो.

घरी आल्यावर मी दिवा लावणं सोडलं. देवा, ती चिठ्ठी माझ्याच हाताने काढवून घेतलीस?

कोरा कागद फेकणं माझ्याने होत नाही. त्या दिवशीची न उघडलेली चिठ्ठी मी बटव्यात ठेवली होती, पाठीमागे किराणा लिहायला. एक दिवस लिहायला म्हणून उघडली.

तिच्यावरही 'फवारा'.

मी ती ताईपुढे नेऊन ठेवली. तिने चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली,

"साऱ्या बाया माह्या तोंडाकडे पाहून राह्यल्या होत्या. मलेच समजत नाही, हे कसं सांगू त्याइले?"

"तसंच सांगाचं होतं, ताई."

मी कोणाला बोलले नाही. गट मोडला असता. पुढच्या हंगामात घरोघरी मास्क तिनेच पोचवले, तेही नाकारत नाही. मी मात्र रजिस्टर सोडलं.

ताई, तू चुकलीस याचा राग नाही. त्या वर्षी कोणाच्याच हातात काही नव्हतं.
पण तू तुझा निर्णय देवाच्या नावावर खपवलास, तोही माझ्या हातून. इतके दिवस मी देवाला बोल लावले गं. त्याने काही केलंच नव्हतं.

हे तयार होऊन बसलेत. म्हणतात, मातीले तं जा लागते. हात धरून नेते त्यांना.

सगळे 'भावपूर्ण' लिहितात. माझ्याने तो शब्द लिहवत नाही.

विमलताई, श्रद्धांजली.