पाठीवरच्या वाट्या

कुंभिवलीच्या आतल्या अंगाला असलेल्या शाळेत सुंदरा खिचडी शिजवायची. हायवेवरच्या ट्रकांची घरघर कापत तिची हाक पटांगणापार जायची. "रुद्र, वाटाणे बाजूला काढलेस तर बघ हां!" खाली लागलेली खरवड कुणाला आवडते, तेही तिला ठाऊक.

मग टीबी तपासणीची एक्स-रेची गाडी आली. शाळेत काम करणाऱ्या सगळ्यांची तपासणी ठरली. गाडीतला ऑपरेटर म्हणाला, "मावशी, फोटो कॉम्प्युटर वाचतो. लाखो छात्या बघून शिकलाय तो. दागिने काढा."

नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवायचं? सुंदराने ते मागे फिरवून पाठीवर सोडलं. गळ्यावर पदर ओढला. पुढून काही दिसलं नाही, ऑपरेटरने बटण दाबलं. एक्स-रे आरपार बघतो हे तिच्या ध्यानात आलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

कॉम्प्युटरने छातीवर लाल डाग दाखवला. टीबीचा संशय.

थुंकीची तपासणी अजून व्हायची होती, पण तोवर थांबतो कोण? मुख्याध्यापिका जागृती मॅडमनी सुंदराचा पेला खिडकीत वेगळा ठेवला आणि चुलीपुढे तिच्या हाताखालच्या ललिताला बसवलं. रुद्र सुंदराकडे धावला, तर त्याच्या आईने त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

घरी सुंदराने भांडी आपटली.

"कॉम्प्युटर खोटं कशाला बोलंल गं?" नवरा, पदू, म्हणाला.

"मंग त्याच्याशीच लगीन कर!"

दुसऱ्या दिवशी पदूला घेऊन तिने दहिवलीचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी गाडीतून मिळालेली फिल्म उजेडात धरली आणि हसू लागले. "अहो, ह्या तर मंगळसूत्राच्या वाट्या!"

सुंदरा हसली नाही.

"मशीन नुसता संशय सांगतं," डॉक्टर सावरून म्हणाले. "पुढे माणसाने बघायचं असतं."

"मंग माणूस कुटं होता?"

सुंदराने मंगळसूत्र उतरवून पदूच्या हातात कोंबलं. "धर. मरत नायस तू."

नव्या फोटोत छाती स्वच्छ निघाली. पुढे थुंकीतही काही सापडलं नाही.

ती शाळेत गेली. जागृती मॅडम घाईघाईने म्हणाल्या, "बरं झालं बाई. उद्यापासून ये. आम्ही तरी काय करणार, मशीननेच सांगितलं होतं."

"पेला मशीनने ठेवला खिडकीत?"

सुंदराने खिडकीतला पेला उचलला. तळाशी धूळ होती. तिने तो विसळला, माठातलं पाणी भरलं, अर्धं स्वतः प्यायली आणि उरलेलं मॅडमपुढे धरलं.

"प्या."

चुलीपाशी ललिताचा हात थांबला. पोरं ताटं घेऊन दारात उभी होती. मॅडमनी पेल्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, मग पेला ओठाला लावला. घोट गिळताना त्यांचे डोळे मिटले. ते मिटलेले डोळे सुंदराने पाहून ठेवले.

मग तिने ललिताच्या हातातून डाव घेतला. "उद्या नाय. आजच वाढते मी."

पहिलं ताट रुद्रचं होतं.