लोण्याचा पहिला गोळा

म्युनिकला येऊन लतिकाला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिने आपण होऊन मागितलेलं काम एकच. एस-बान लोकलने तासाभरावर जुन्या खेड्याचं म्युझियम आहे. दोनशे वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची घरं तिथे आणून पुन्हा उभी केली आहेत, चुली-पाळण्यांसकट. त्यातल्या एका घरात दर रविवारी लोणी काढून दाखवायला माणूस हवं होतं, बिनपगारी.

"फुकट राबायला एवढ्या लांब?" तिचा नवरा चंद्रशेखर म्हणाला होता.

"घरी कुठे पगार देता अहो?"

आज तिथे तिची परीक्षा होती; लोणी जमलं तरच काम मिळणार. जर्मन अडलंच तर असावी म्हणून बारा वर्षांची लेक ओवी सोबत होती. घराची देखरेख करणाऱ्या फ्राउ ग्रूबरनी एप्रन दिला आणि बजावलं, "पिंप सोडून कशालाही हात लावायचा नाही."

उभं लाकडी पिंप, आत मलई, वर-खाली करायचा दांडा. पंधरा-वीस माणसं जमली. अर्धा तास झाला, दंड भरून आले, लोण्याचा पत्ता नाही. फ्राउ ग्रूबर घड्याळ बघू लागल्या. लतिकाने पिंपाला तळवा लावला; गारठलेलं. मोडक्या जर्मनमध्ये तिने कोमट पाणी मागितलं, थोडं ओतलं आणि कान देऊन घुसळत राहिली. आवाज जड झाला तशी ती हसली. लोणी आलं होतं.

आणि पुढचं सवयीने झालं. पहिला गोळा वाटीत घेऊन तिने कोपऱ्यातल्या क्रूसाखालच्या फळीवर ठेवला आणि हात जोडले.

"आई, इथे असं चालत नाही," ओवी जर्मनमध्ये पुटपुटली.

माणसं पांगल्यावर फ्राउ ग्रूबरनी वाटी खाली काढली. "उंदीर येतात."

संपलं, लतिकाच्या मनात आलं. एप्रन सोडून ती घडी घालू लागली. आईच्या हातांकडे ओवी जरा वेळ बघत राहिली.

"आमच्याकडे पहिलं लोणी देवाला देतात," ती फ्राउ ग्रूबरना म्हणाली. "मग आम्हाला. मी कितीही मागितलं तरी."

फ्राउ ग्रूबरनी मान वर करून क्रूसाकडे पाहिलं. "आल्झो, असं आहे तर. मी इथे आल्यापासून याला कुणी काही दिलेलं नाही."

घडी घातलेला एप्रन त्यांनी लतिकाच्याच हातात परत दिला.

"रविवारी दहाला या. आणि वाटी झाकणाची आणा."