कच्च्या टाक्यांची झूल

माझ्या चष्म्याच्या दुकानाला लागून मास्तरांचं टेलरिंगचं दुकान आहे. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांचं मशीन थांबलं की माझ्या कपाटातल्या काचा थरथरायच्या थांबतात. बावीस वर्षं आम्ही एकमेकांचा खोकलासुद्धा ओळखून आहोत. त्यामुळे मी सांगतोय ते ऐकीव नाही. काही गोष्टी भिंतीपलीकडून ऐकल्यात, पण त्याला ऐकीव म्हणत नाहीत.

मास्तरांचे दोन नियम. पहिला, ट्रायल घेतल्याशिवाय कपडा द्यायचा नाही. "माप तुम्हीच घेतलंत ना?" असं कुणी वैतागून म्हटलं तर म्हणतात, "टेपने सांगितलं ते लिहून घेतलं. अंगाने अजून काही सांगितलेलं नाही." दुसरा नियम कच्च्या टाक्यांचा. ट्रायलपुरते ते पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालतात आणि पक्की शिलाई झाली की तो दोरा ओढून काढतात. एकदा एका वकिलाच्या बाहीत बोटभर पांढरा दोरा राहून गेला, तर मास्तर कात्री घेऊन त्याच्यामागे बसस्टॉपपर्यंत धावले. कात्री घेऊन धावत येणारा माणूस पाहून वकील आणखी जोरात पळाला, हा भाग वेगळा.

अशा माणसाच्या दुकानात सुपरहिरोंच्या चाहत्यांचा अड्डा का जमावा? तर नाटकाचे आणि स्नेहसंमेलनांचे कपडे शिवून मास्तरांचं नाव झालेलं. चार वर्षांपूर्वी तो सिनेमा आला, तेव्हा निम्म्या गावाला पाठीवर काहीतरी फडफडवायचं होतं. ते त्याला केप म्हणतात. मी झूल म्हणतो. मास्तरांना माझा राग येतो. त्यातल्या हिरोचं आणि व्हिलनचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी एकाला निळ्या म्हणतो आणि दुसऱ्याला करड्या. ज्याच्या त्याच्या झुलीच्या रंगावरून.

त्या सिनेमाच्या शेवटी करड्या पुलावरून लोंबकळत असतो. निळ्याने त्याचा हात धरलेला असतो. मग हात सुटतो आणि करड्या नदीत जातो. एवढंच. पण हात सोडला कोणी, यावर लोकांनी रान उठवलं होतं. मास्तर आपल्या मुलीला घेऊन तो सिनेमा बघून आले आणि आठवडाभर भिंतीपलीकडे दुसरा विषय नव्हता.

"करड्याने स्वतः सोडला," मास्तर म्हणायचे. "हिरो कधी हात सोडतो होय?"

"निळ्यानेच सोडला, बाबा. हातमोज्याची शिवण बघितली नाहीत? आधी त्याचं मनगट वळतं."

मुलगी तेव्हा वीस वर्षांची होती. चौदाव्या वर्षापासून बापाच्या टेबलावर कापड कापायला शिकलेली. तिचा हात असा, की मास्तर गिऱ्हाइकासमोर तिच्या कामात खोट काढायचे आणि ती घरी गेली की तोच कपडा मला आणून दाखवायचे. लहानपणी ती त्याच टेबलावरून पडली होती. मास्तरांनीच तिला वर बसवलं होतं आणि गिऱ्हाइकाकडे वळले होते. हाड जुळलं, पण उजवा खांदा जरा खाली राहिला. तेव्हापासून तिच्या प्रत्येक झग्यात, प्रत्येक गणवेशात मास्तर उजव्या खांद्याखाली आतून कापडाची एक छोटी गादी शिवायचे. शाळेत कुणाला कधी कळलं नाही. ती गोष्ट मला कळली तीही त्यांनी सांगितली म्हणून नाही, भिंतीमुळे.

त्याच वर्षी तिला मोठ्या शहरातून पत्र आलं. सिनेमाचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून जागा. मास्तरांच्या नाकावरचा राग त्या दिवशी माथ्यात गेला. एवढं शिकवलं ते परक्याच्या मशीनवर बसायला का, वगैरे. ती काही ऐकेना. शेवटी मास्तर म्हणाले, "जायचं तर जा. टेप ठेवून जा."

तिने गळ्यातली टेप काढली, नीट गुंडाळली, टेबलावर ठेवली आणि गेली. माझ्या दारावरून गेली. मी तेव्हा एका म्हाताऱ्याला अक्षरं वाचायला लावत होतो. उठलो नाही. अजून त्याची टोचणी आहे.

चार वर्षं दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. ती दर रविवारी आईला फोन करते. मास्तरीणबाई फोन घेऊन गॅलरीत जातात आणि मास्तर आतल्या खोलीत खोकला दाबून बसतात, हे मास्तरीणबाईंनीच माझ्या बायकोला सांगितलं. एकदा बाईंनी फोन मास्तरांपुढे धरला, तर ते म्हणाले, "सोडून ती गेली. मी नाही घालवलं." ती टेप मात्र तशीच गुंडाळलेली, दोऱ्यांच्या डब्याशेजारी. डबा हलवला की टेपही हलायची. पुन्हा डब्याशेजारी.

तर यंदा त्या सिनेमाचा दुसरा भाग येणार म्हणून मंडळी परत जमली. त्यांचे म्होरके म्हणजे शाळेतले विज्ञानाचे सर, आणि त्यांच्या विरोधात बँकेतली एक बाई. बाई काउंटरवर शांत असतात म्हणे. इथे नसतात. जाहिरातीत करड्या जिवंत दिसला होता आणि पूल बांधणाऱ्या मजुरांना पाणी देत होता. झालं, ठिणगी पडली.

"मिळमिळीत करून टाकला त्याला!" बँकवाल्या बाई म्हणाल्या. मास्तर त्यांच्या झुलीचा गळा बसवत होते. "व्हिलन म्हणजे कसा, बघून पोटात गोळा यायला हवा. हा तर उद्या रांगोळी काढेल."

"माणसाने बदलायचंच नाही का कधी?" सर म्हणाले. "आणि निळ्या तरी काय धुतल्या तांदळासारखा आहे? अख्ख्या गावाला वाचवतो, पण घरच्या माणसाचा फोन घेत नाही."

"हिरोला कामं असतात."

"मग करड्याला नव्हती?"

मास्तर तोंडात टाचण्या धरून ऐकत होते. त्यांनी टाचण्या काढल्या आणि एवढंच विचारलं, "हात कोणी सोडला, ते कळणार आहे का यात?"

"म्हणतात कळणार आहे," सर म्हणाले. "तोच प्रसंग पुन्हा दाखवणार आहेत. दुसऱ्या बाजूने."

सरांनी अकरा झुलींच्या मापांची यादी आणली होती. बहुतेकांनी आपलं 'मिडीयम', 'लार्ज' असं लिहिलेलं. एकाने नुसतंच 'जाड'. मास्तर ओळीवरून बोट फिरवत चालले आणि सातव्या ओळीवर बोट थांबलं.

ती ओळ मी नंतर पाहिली. 'खांदा साडेचौदा. उजवा दोन सूत खाली. गळा, मग उंची.' आधी खांदा, मग बाकीचं, ही मास्तरांची पद्धत. गावातले बाकीचे टेलर छातीपासून सुरू करतात. आणि इंचाचा आठवा भाग सुतात लिहिणारं आता उरलंय कोण?

"ही सातवी कोण?" मास्तरांनी विचारलं. आवाज अगदी सरळ होता, पण माझ्या कपाटातल्या काचा थांबल्या होत्या.

"बाहेरगावची आहे. आमच्या ग्रुपवर टोपणनावाने असते. करड्याची बाजू घेऊन कडाकडा भांडते. खेळालाच येणार म्हणाली, केप इथेच शिवून घ्यायची म्हणाली."

"ट्रायलला कधी येणार?"

सरांनी लगेच फोनवर विचारलं. उत्तर आलं : माप बरोबर आहे, ट्रायलची गरज नाही.

मास्तर यावर उसळतील म्हणून मी दारात येऊन उभा राहिलो. त्यांनी नुसती यादीची घडी घालून खिशात ठेवली.

पुढचे दहा दिवस मास्तरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. रस्त्यावर कुणाची चप्पल वाजली की मशीन थांबायचं. ती ट्रायलला येईल असं त्यांना वाटत होतं, आणि येईल असं वाटतंय हे कुणाला कळू नये म्हणून ते माझ्यावर खेकसत होते. दहा झुली झाल्या, ट्रायली झाल्या, गेल्या. सातव्या ओळीतली त्यांनी सगळ्यात शेवटी घेतली. उजव्या खांद्याखाली गादी शिवली. अस्तर असं लावलं, की आत कुठलं आणि बाहेर कुठलं ते मलाही सांगता येईना.

सिनेमाच्या आदल्या दिवशी दुपारी सर ती न्यायला आले. मी सहज हातात घेतली, तर खालची दुमड कच्च्या टाक्यांवर होती. पांढरा दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मास्तर, हे राहिलं की!"

"राहू दे."

"अहो, पण..."

"राहू दे म्हटलं ना, चष्मेवाले."

सर गेल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "हे अर्धवट काम बघून ती परत येईल असं वाटतंय तुम्हाला? अहो, दहा मिनिटांचं काम. ती स्वतः घालेल टाके."

"घालेल," मास्तर म्हणाले. "तिला येतं. माझ्याहून बारीक येतं." मग बराच वेळ टेबलावरचा खडू पुसत राहिले. "पण मला दुसरं काही येत नाही हो."

दुसऱ्या दिवशी खेळ बाराचा. साडेअकराला मास्तरांनी शटर ओढलं. अंगात इस्त्रीचा शर्ट. "जरा सिनेमाला जाऊन येतो," म्हणाले. बावीस वर्षांत त्यांना दुपारी दुकान बंद करताना मी पाहिलं नव्हतं.

आणि बारा वाजून दहा मिनिटांनी ती माझ्या दारात उभी राहिली.

हातावर करडी झूल. केस कापलेले, चेहरा आईवर गेलेला. मला बघून हसली नाही, काही नाही. धापा टाकत म्हणाली, "काका, दुकान बंद का आहे? बाबांना दिसत नाही का आता?"

"काय?"

"थिएटरच्या दारात सरांनी ही दिली. मी सवयीने उलटी करून पाहिली." तिने पांढरा दोरा पुढे धरला. "त्यांच्या दुकानातून असा कपडा बाहेर जाणारच नाही. डोळे गेलेत का त्यांचे? तुम्हीच नंबर काढता ना? आई मला काही सांगत नाही. खरं सांगा."

आता मी माणूस रडणारा नव्हे, पण त्या क्षणी मलाच काही दिसेना. चष्मा काढून पुसला.

"तुझ्या बापाचा नंबर चार वर्षांत तसूभर हललेला नाही," मी म्हटलं. "शंभर पावलांवरून सुईचं नेढं दिसतं त्यांना. तो दोरा त्यांनी मुद्दाम ठेवलाय."

तिला समजायला वेळ लागला. मग ती माझ्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसली, ती झूल तोंडाशी धरली आणि रडली. मी तिला रडू दिलं. दारावरची पाटी 'बंद' अशी फिरवली. तेवढं या खेपेला सुचलं.

"कुठे गेलेत?" तिने शेवटी विचारलं.

"सिनेमाला."

"बाबा? सिनेमाला?"

"तुला शोधायला."

खेळ तीन तासांचा. तिची परतीची बस सहाची. मी म्हटलं, "सुई-दोरा आणून देऊ का? तोवर दुमड तरी घालून ठेव."

"नको," ती म्हणाली. "ते त्यांचं काम आहे."

सव्वातीनला मास्तर आले. माझं दार ढकललं आणि आत नीट न बघताच बोलू लागले. "नाही दिसली. चाळीस करडे होते हो तिथे. मध्यंतरात वाकून वाकून एकेकाची दुमड पाहिली. एका बाईने मला पर्सने..."

मग त्यांना खुर्ची दिसली.

ती उठून उभी राहिली. मला वाटलं, आता कशी आहेस विचारतील, किंवा उशीर झाला म्हणून रागावतील. या माणसाचा भरवसा नाही.

"निळ्यानेच सोडला," मास्तर म्हणाले. "आज नीट दाखवलं. आधी त्याचं मनगट वळतं. सगळे थिएटरात ओरडत होते, आमचा हिरो असा नाही, बदलला म्हणून. बदलला कुठे? तेव्हाही त्यानेच सोडला होता. तू म्हणत होतीस ते बरोबर. 'टेप ठेवून जा' असं मी म्हणालो होतो."

मी कपाटाकडे तोंड करून एकच फ्रेम चार वेळा पुसली.

"बाबा," ती म्हणाली. "मी अजून पाहिला नाहीये तो. सगळा शेवट सांगून टाकलात."

मास्तर गडबडले. तसेच मागे फिरून त्यांनी शटर वर केलं आणि तिला आत नेलं. भिंतीपलीकडे दोऱ्यांचा डबा सरकल्याचा आवाज आला. मी घड्याळ बघत होतो. साडेतीन वाजले होते, बसला अडीच तास होते.

"उभी राहा," मास्तर म्हणाले. "खांदा सरळ."

"तो सरळ होत नाही, बाबा."

"माहीत आहे. तरी उभी राहा."