बारा वाव दोर

आमच्या गावात नुसतं "भित्रा" म्हटलं की पुढे नाव घ्यावं लागत नाही. नामाकाका. कुत्रं आडवं आलं की रस्ता बदलणार, अनोळखी नंबरचा फोन वाजला की बायकोच्या हातात देणार. रक्त तपासायला गेला आणि सुई बघून तसाच परत आला. न्हावा शेव्याला तेवीस वर्षं ट्रेलर चालवला, पण एकदाही पुढच्या गाडीला मागे टाकलं नाही, असं त्याच्याबरोबरचे ड्रायव्हर सांगतात. मी त्याची शेजारीण, शिवानी. एका कंटेनर यार्डात कारकुनी करते, तोंडाने फटकळ आहे, आणि काकाला चिडवण्यात गावात माझा पहिला नंबर होता.

भित्रेपणाचं मूळ गावाने केव्हाच ठरवून टाकलंय. सव्वीस वर्षांपूर्वी काका आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त चांगदेव खाडीत पाग, म्हणजे फेकजाळं टाकायला गेले होते. चांगदेव चिखलात रुतला, भरती आली, आणि नामा त्याला तसाच टाकून पळाला, असं सगळे सांगतात. मीही तेच ऐकत मोठी झाले. काकाने कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. चांगदेवची बायको, केसरकाकी, तेव्हापासून काकाशी एक अक्षर बोललेली नाही. पण दरवर्षी मोसमातला पहिला जिताडा काका तिच्याच ओट्यावर नेऊन ठेवतो आणि मागे न बघता निघून येतो. ती मासा घेते. जिताडा कोण परत पाठवतं?

चांगदेव गेला त्यानंतर काकाने पाग हातात धरला नाही, कारण पाग टाकायला चिखलात उतरावं लागतं. पुढे कधीतरी त्याने पनवेलच्या दुकानात मासे धरायचा रॉड पाहिला. रॉडने दगडावर उभं राहून भागतं, एवढं कळल्यावर त्याने तो लगेच घेतला. बरोबर रबराची बोटभर लांबीची काळी गांडुळं. शिशाचे मणी मात्र त्याने विकतचे घेतले नाहीत. बापाच्या जुन्या पागाच्या कडेला वजनासाठी लावलेलं शिसं घरात होतं. आमच्याकडे बापाच्या जाळ्याचं शिसं कुणी भंगारात घालत नाही. ते वितळवून तो चवळीच्या दाण्याएवढा मणी गळाच्या मानेवर ओततो. झाली जिग तयार.

गेल्या वर्षी मी त्याच्यामागे लागून हे शिकून घेतलं. गळ गांडुळाच्या नाकातून नखभर आत घालायचा, बाहेर काढायचा, उलटा फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्याच पोटात लपवायचं. म्हणजे तिवरांच्या मुळात अडकत नाही, आणि बोटालाही लागत नाही. रीळवरचा दोरा बारीक, शेवटी हातभर जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची तार, कारण जिताड्याच्या गालफडाला ब्लेडसारखी धार असते. मग फेकायचं, तळाला जाऊ द्यायचं, आणि थांबायचं.

हे थांबणंच मला जमत नव्हतं.

"वढू नको," काका म्हणायचा. "हालव नुसता. गांडूल कवा पलतं का?"

गांडूळ जागच्या जागी थरथरलं पाहिजे आणि पुढे सरकता कामा नये. दोऱ्यात टक् झालं तरी लगेच हिसका द्यायचा नाही, मासा तोंड मिटेपर्यंत कळ काढायची. काकाचे हात चहाची बशी धरली तरी थरथरतात, पण रॉड धरला की शांत. मी त्याला म्हणायचे, "काका, तुझं बरंय, तुझं गांडूळ आपोआप थरथरतं." तो हसायचा. आणि त्याच्या पिशवीतला तो दोर! पिवळ्या नायलॉनचा, बारा वाव लांब, करंगळीएवढा जाड. माणसाने दोन्ही हात पसरले की होतो एक वाव, तसा बारा वेळा मोजलेला. मासे धरायला जाताना पाण्याची बाटली विसरेल पण दोर नाही. "जिताड्याला फाशी देतोस काय?" हेही मीच विचारलेलं.

आश्विन लागल्यावरचा पहिलाच रविवार होता. आदल्या दिवशीच अमावास्या झालेली, म्हणजे उधाणाचं पाणी. सकाळी सहाला आम्ही उघाडीवर पोहोचलो. उघाडी म्हणजे खारभूमीच्या बांधातलं दार. ओहोटीला शेतातलं पाणी त्यातून बाहेर पडतं आणि त्या धारेशी जिताडे तोंड वासून बसतात. खाडी पार सुकलेली होती, उघाडीची धार तेवढी वाहत होती. पलीकडे बंदराच्या क्रेन धुरकट दिसत होत्या. चिटपाखरू नव्हतं.

तासाभरात मी दोन जिगा गमावल्या. तिसरी फेकली ती दूर एका जुन्या खुंट्याला अडकली. मी रॉड वाकवला, सैल सोडला, कशानेही सुटेना.

"तुटू दे," काका म्हणाला.

"तुझ्या बापाचं शिसं आहे ना ते?"

"तुटू दे म्हंतो ना. आनखी हाय." पण त्याने खिशातली डबी चाचपली, तेव्हा डबी जवळजवळ वाजलीच नाही. मला वाईट वाटलं. खुंटा तीस-पस्तीस पावलांवर होता. चिखलावर निवट्यांची, त्या चिखलात उड्या मारणाऱ्या माशांची, बिळं दिसत होती. लहानपणी आम्ही मुली याच चिखलात निवट्या पकडायचो, कुठे घट्ट आणि कुठे पोकळ ते पायांना पाठ होतं. काका गांडूळ लावायला खाली बसला होता, तेवढ्यात मी चपला काढल्या आणि उतरले.

दोन वर्षांपूर्वी उघाडी नवी बांधली आणि पाण्याची वाट बाजूला गेली. जुन्या वाटेत तेव्हापासून गाळ भरत होता. वरून त्याला तीच साय, तीच बिळं. मी माझ्या लहानपणीच्या खाडीवर चालत होते. पंचविसाव्या पावलाला डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला उजव्यावर भार दिला, तर उजवा मांडीपर्यंत.

आधी मला हसू आलं. मग मी ओढून बघितलं, आणि पाय वर येण्याऐवजी मी कमरेपर्यंत आत गेले. खाली तळ नव्हता. पाय कुणीतरी सिमेंटात घालून ठेवावेत तसे झाले होते. बोट हलत नव्हतं. तेव्हा मी किंचाळले.

काकाने वर बघितलं. मी त्याचा तो चेहरा आयुष्यात विसरणार नाही. तो माझ्याकडे बघत नव्हताच. माझ्या जागी त्याला दुसरं कुणीतरी दिसत होतं.

आणि नेमकं तेव्हाच पाणी फिरलं, भरती लागली. खुंट्यापाशी बारीक फेसाची रेघ उमटली आणि माझ्या दिशेने सरकायला लागली. फोन माझ्या पिशवीत, पिशवी बांधावर. काकाने स्वतःच्या फोनवरून, थरथरत का होईना, गावात फोन लावला. पण गावातून माणूस यायला अर्धा तास तरी लागणार होता. अर्ध्या तासात उधाण कुठवर येतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"काका!" मी ओरडत होते. "काका, ये ना रे!"

तो उघाडीच्या शेवटच्या दगडापर्यंत आला. पिशवीतून दोर काढला. मी, जिने त्या दोराची वर्षभर टिंगल केली होती, ती आता देवाकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत होते. त्याने एक टोक उघाडीच्या लोखंडी खांबाला बांधलं, दुसऱ्याचा गुंडाळा करून फेकला. वारा समोरून होता. दोर लांबीला पुरत होता, पण वाऱ्याने हवेतच उलगडला, वाकला आणि माझ्यापासून दोन हातांवर पडला.

मी अंग झोकून दिलं. बोटं चिखलात रुतली. दोर दिसत होता, हाताला लागत नव्हता. आणि झोकून दिल्याने मी आणखी आत गेले.

त्याने ओढून घेतला आणि पुन्हा फेकला. पुन्हा तेवढाच कमी. तिसऱ्यांदा त्याच्याने फेकवेना. हात लटकत राहिले. तोंडाने तो काहीतरी पुटपुटत होता. ते "दोन हात, दोन हात" असं होतं, हे मला नंतर लक्षात आलं. त्या वेळी मला एकच कळलं की हा आता पळणार. गाव सांगतं तसाच पळणार. पाणी माझ्या पोटाला लागलं होतं, ऑक्टोबर असूनही बर्फासारखं वाटत होतं. मी मोठ्याने रडत होते. आई, आई म्हणत होते.

काका वळला. दोन पावलं मागे जाऊन तो वाकला, आणि उठला तेव्हा त्याच्या हातात रॉड होता.

हात शांत होते.

त्याने वाऱ्याकडे एकदा बघितलं आणि रॉड आडवा, खालून फिरवला. मणी पाण्यालगत सूं करत आला आणि माझ्या छातीशी टप् करून पडला. काळं गांडूळ. "धर!" तो ओरडला. मी मुठीत धरलं. गळाचं टोक गांडुळाच्या पोटात लपलेलं होतं, म्हणून लागलं नाही. तिकडे त्याने रीळपाशी दोरा कापून दोराच्या टोकाला बांधला. "हलू हलू वढ. बारीक हाय. हिसका दिलास तर हात कापंल."

मी दोरा ओढत राहिले, हातामागे हात, आणि पाण्यावरून पिवळा दोर माझ्याकडे यायला लागला. तो हातात आला तेव्हा मी त्याला दातांनी पण धरलं.

"काखेखालून बांध. बांधलास? आता वढू नको."

"काय?"

"जरा पन वढू नको. पानी येऊ दे."

मला वाटलं याचं डोकं फिरलं. पाणी बरगड्यांना लागलं होतं, आणि हा म्हणतो येऊ दे.

"वढलं का चिखल आनखी धरतो, पोरी. चांगदेव वढत ऱ्हायला." त्याच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. "पानी पायाशी शिरलं का चिखल सोडतो. तू पाय हालव. जागच्या जागी. गांडूल हालवतेस तसा."

मी हलवला. अंगठा हलवायचा प्रयत्न केला, मग टाच. पाणी छातीला आलं. मी त्याला शिव्या दिल्या, हे कबूल करते. आमच्या यार्डातले ट्रेलरवाले देतात तसल्या. तो फक्त म्हणत होता, "हालव. थांब. हालव." पाणी गळ्याला लागलं. एक लाट तोंडात गेली, खारट, चिखलाची. मला कळून चुकलं की मी मरणार आहे, आणि ते या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवल्यामुळे. तरी मी टाच हलवत राहिले, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

आणि मग डाव्या पोटरीशी काहीतरी गार सरकलं. पाणी. चिखलाच्या आत पाणी शिरलं होतं. टाच फिरली. गुडघा वाकला.

"मागं टेक. पाठीवर झोप. दोर मी धरलाय." मी पाठीवर पडले, कानात पाणी गेलं, वर नुसतं आभाळ. डावा पाय सुटला. उजवा सुटेना, मग तोही सुटला, अगदी हलकेच, बरणीतून बोट निघावं तसा. काकाने मला तरंगत्या ओंडक्यासारखं ओढून दगडाला लावलं. वर घेतल्यावर मी ओकले. तो शेजारी बसून हुंदके देत होता, माझ्याहून जोरात.

बांधावर गावातली माणसं पळत येताना दिसायला लागली. काका उठला, दोर सोडवून घेतला, तसाच चिखलाने माखलेला खांद्यावर टाकला. "घरी न्हाय," मला म्हणाला. "आधी दुसरीकडं जायचं हाय."

केसरकाकी ओट्यावर तांदूळ निवडत होती. काकाच्या हातात या वेळी मासा नव्हता. नेहमीसारखा तो लगेच वळलाही नाही.

"वयनी," तो म्हणाला, "आज दोर पुरला."

तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, छातीवरच्या दोराच्या वळाकडे, कमरेपर्यंत वाळत आलेल्या चिखलाकडे. मग त्याच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच काही विचारलं.

"तवा किती कमी पडला?"

"दोन हात." त्याने हात पुढे करून दाखवले. "माझी लुंगी न् पागाची दोरी जोडली व्हती. दोन हात कमी पडली. मंग मी दोर आनाया धावलो. घरापातुर धावलो, वयनी. दोर घेऊन आलो तवर..."

वर्षभर मी त्या दोरावरून ज्या कोट्या केल्या होत्या, त्या एकेक आठवत होत्या आणि लाज वाटत होती.

"मला वाटलेलं, तू तसाच पलालास," केसरकाकी म्हणाली. "कुनी मला सांगितलं न्हाय."

"मी पन न्हाय सांगितलं. दोन हात कमी पडला, हे तुला कसं सांगू?"

तिने खाली ठेवलेलं सूप बाजूला सारलं. मग उठून आत गेली, पाण्याची कळशी घेऊन आली आणि पायरीवर ठेवली.

"पाय धू न् आत ये. पोरीला पन आन."

काका पायरीशीच घुटमळला. त्याला आत जायचीही भीती वाटत होती, स्पष्ट दिसत होतं. मी चिडवलं नाही. मग त्याने खांद्यावरचा दोर काढून ओट्यावर ठेवला आणि पाय धुवायला वाकला.