वेंडेलने शेगडी आत घेतली ती दुपार

घरी बिअर करणाऱ्यांच्या आमच्या मंडळात वेंडेल क्योस म्हणजे शेगडीचा मास्तर. तीस वर्षं गॅसच्या जोडण्या करण्यात गेलेली. नवा सभासद आला की आधी त्याचा पाठ: नळी साबणाच्या पाण्याने तपासायची, शेगडी उघड्यावरच पेटवायची, गॅरेजमध्ये कधीच नाही, दार सताड उघडं असलं तरी नाही. एकदा कुणीतरी विचारलं, "आणि थंडी असली तर?"

"तर टोपी घाल," वेंडेल म्हणाला.

त्याचं ते मास्तरपण मला खुपायचं. पण चूक काढायला जागाच नसायची.

जानेवारीतल्या त्या शनिवारी वेंडेलच्या अंगणात आम्ही दोघंच बिअर करत होतो; तापमान उणे अठरा आणि वारा सुसाट. विस्कॉन्सिनमध्ये थंडीला घाबरून बिअर पुढे ढकलणं म्हणजे नाक कापून घेणं. दीड तास झाला तरी माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या सातूचा रस उकळेना, ज्योत आडवी पडायची. वेंडेलने आजूबाजूला बघून घेतलं.

"ऑरिन, तिकडून धर."

मी धरलं. पातेलं उतरवून शेगडी गॅरेजमध्ये नेली, दार हातभर उघडं ठेवलं. आमच्याकडे कुणाच्या घरी जाऊन त्याला चूक म्हणायची पद्धत नाही. थोड्या वेळाने भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म कोकलू लागला. वेंडेलने तो उपटून बाहेर बर्फात ठेवला.

"थंडीत हे असंच बोंबलतं," तो म्हणाला. खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं. आम्ही दाराच्या फटीशी बसून राहिलो. त्याची बायको मार्लिस वर, गॅरेजच्या माथ्यावरच्या खोलीत गोधडी शिवत होती. तिची आठवण मला एकदाही झाली नाही, हे लिहिताना लाज वाटते.

रस उकळून झाला तेव्हा ती जिना धरून खाली आली. चेहरा पांढराफटक, दोनदा ओकलेली. "डोकं फुटतंय, फ्लू दिसतोय," ती म्हणाली. "माफ करा हं, तुमच्या जेवणाचं राहिलं."

दवाखान्यात वेंडेलने गाडी नेली, मी मागे तिच्याजवळ बादली धरून बसलो.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "फ्लूची साथ आहेच. घरी जाऊन पडून राहा. एकच विचारते, घरात गॅसची शेगडी वगैरे पेटवली होती का?"

मार्लिस एवढ्या डोकेदुखीतही हसली. "आमच्या घरात? अहो, हा गावाला शिकवतो."

वेंडेल टोपी कुस्करत होता. आता गप्प बसला तर ती तशीच घरी जाणार होती. मी फरशी बघत होतो. तो बोलला नाही तर मीही बोलणार नव्हतो.

"पेटवली होती," वेंडेल म्हणाला. "गॅरेजात. अलार्म वाजला, तो मी काढला."

बाई ताडकन उठल्या. मिनिटभरात मार्लिसच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिने नवऱ्याकडे बघितलंच नाही. मास्क बाजूला करून तिने मला विचारलं,

"अलार्म वाजला तेव्हा तू तिथेच होतास?"

"होतो," मी म्हणालो.